खो द्यावा, खो घालू नये

आपल्या मराठी भाषेत ‘खो’ ह्या एकाच अक्षराला दोन अर्थ चिकटलेले आहेत. मैदानावर खो देणे म्हणजे खाली बसलेल्या गड्याच्या पाठीला स्पर्श करून त्यास उठविणे आणि पुढील धाव त्याच्या स्वाधीन करणे. व्यवहारात खो घालणे म्हणजे दुसऱ्याच्या चाललेल्या कामात आडकाठी आणणे. एकाच अक्षराने उत्तेजनही द्यावे आणि विघ्नही आणावे, हा भाषेचा मोठाच चमत्कार होय. मुलींच्या खेळाच्या बाबतीत आपण घरी, शाळेत आणि गावात ह्या दोहोंपैकी नेमके काय करीत आहोत, हा प्रश्न ह्या वार्षिक अंकाच्या निमित्ताने विद्यार्थिनींपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न आजच विचारण्यास एक सबळ कारण घडले आहे. २०२५ च्या जानेवारी महिन्यात नवी दिल्ली येथील इंदिरा गांधी क्रीडागारात खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचे सामने झाले. भारतीय महिला संघाने पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाच्या संघावर १७५ विरुद्ध १८ गुणांनी मात केली आणि १९ जानेवारी रोजी अंतिम सामन्यात नेपाळला ७८ विरुद्ध ४० गुणांनी नमवून विश्वविजेतेपद मिळविले. संघाच्या कर्णधार होत्या मूळच्या बीड जिल्ह्यातील प्रियांका इंगळे. ही वार्ता वाचून आपल्याकडील अनेक घरांत आनंद झाला. ‘खो-खो काय, आपलाच खेळ!’ असे उद्गारही निघाले. हा आनंद रास्तच आहे. परंतु ‘आपला’ हा शब्द उच्चारण्याचा अधिकार आपण कितपत राखला आहे, ह्याचा विचार त्या आनंदाच्या भरात राहून गेला.

खो-खो हा महाराष्ट्राच्या मातीत वाढलेला खेळ आहे, ह्यात शंका नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली त्याला नियमांची चौकट घालून दिली. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांना दाखविली. पुरुषांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९५९–६० साली विजयवाडा येथे सुरू झाली, आणि लगेच पुढील वर्षी, १९६०–६१ साली, कोल्हापूर येथे महिलांचे सामनेही प्रथमच भरविण्यात आले. म्हणजे राष्ट्रीय मैदान स्त्रियांना खुले होण्यास पुरुषांच्या मागून एका वर्षाहून अधिक काळ लागला नाही. ज्या काळात मुलीने शाळेत जावे की नाही ह्यावर कित्येक घरांत वाद चाले, त्या काळात ही गोष्ट घडली, हे विसरून चालणार नाही.

ह्या खेळाची रचनाच अशी आहे की, तो गरीब गावाला आणि सामान्य घराला परवडावा. दोन खांब, आखलेले मैदान आणि दोन संघ, एवढ्यावर सामना उभा राहतो. ना बॅट लागते, ना चेंडू. परंतु साधनांचा खर्च थोडा म्हणून खेळ सोपा, असे मात्र कोणी समजू नये. आठ मुली एका रांगेत, एक ह्या दिशेस तोंड करून तर दुसरी त्या दिशेस, अशा बसतात. नववी पाठलाग करते. धावणारीने एकदा दिशा धरली की खांबाला वळसा घातल्याखेरीज तिला मागे फिरता येत नाही, बसलेल्या सोबतिणींच्या मधून पलीकडे जाता येत नाही. उलटपक्षी बचाव करणाऱ्या मुलीला रांगेतून वाटेल तिकडे निसटण्याची मुभा असते. एकटीच्या पायांच्या बळावर ही शिकार साधत नाही. केव्हा धावावे, केव्हा सूर मारावा आणि केव्हा आपली धाव सोडून देऊन दुसरीस खो द्यावा, ह्याचा निर्णय क्षणार्धात घ्यावा लागतो. बसलेली मुलगीसुद्धा रिकामी बसलेली नसते. तिचे टाच उचललेले पाऊल आणि पाठीमागे लागलेला कान हे दोन्ही खेळतच असतात. गणिताच्या तासाला लागते तेवढेच अवधान येथे लागते, आणि ते धापा टाकीत ठेवावे लागते.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. बुऱ्हाणपूर हे मध्य प्रदेशात आहे आणि आपली घरे मराठी बोलतात. इच्छापूर ओलांडले की जळगाव जिल्हा लागतो. तापीचे पाणी दोन्ही प्रांतांना सारखेच मिळते. केळीच्या बागांना सीमा ठाऊक नाही. परंतु खेळाडूला सीमा असते. आपल्या शाळेतील मुलगी उत्तम खेळली तर ती महाराष्ट्राच्या नव्हे, मध्य प्रदेशाच्या संघात जाईल. शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील अशा वयोगटांतून तिला प्रथम जिल्ह्यात, मग इंदूर संभागात, त्यानंतर राज्यात आणि अखेरीस राष्ट्रीय मैदानावर आपले कसब दाखवावे लागेल. तेथे तिची गाठ कदाचित महाराष्ट्राच्याच मुलींशी पडेल. आपल्यापैकी काही जण ह्याबद्दल हळहळतात. ‘आमची मुले ना इकडची ना तिकडची’ अशी त्यांची तक्रार असते.

आम्हांस ही तक्रार मान्य नाही. १९७४ साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्काराचा मान नीलिमा सारोळकर ह्यांना मिळाला आणि १९८१ साली सुषमा सारोळकर ह्यांना. नावे मराठी, आणि मैदान मध्य प्रदेशाचे. त्यांच्याही आधी, १९७१ साली, हाच पुरस्कार मिळविणाऱ्या अचला देवरे गुजरातच्या होत्या. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी मुलींनी आपल्या कर्मभूमीच्या नावाने खेळून देशाचा सन्मान मिळविल्याची ही उदाहरणे आपल्या पाठीशी आहेत. पुढे २०१६ साली तिसरी आशियाई खो-खो स्पर्धा झाली तीही इंदुरास, आणि भारताच्या महिला संघाने तेथे विजेतेपद मिळविले. तेव्हा ‘खो-खोचे खरे मैदान पलीकडे आहे’ असे म्हणणे म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा घालण्यासारखे आहे. मैदान येथेच आहे. त्यावर आपल्या मुली आहेत काय, एवढाच प्रश्न उरतो.

विश्वविजेत्या संघाची नावे वाचली म्हणजे हा प्रश्न अधिकच टोचतो. त्या संघात महाराष्ट्राच्या मुली होत्या, पण कर्नाटकाच्या चैत्रा बी. होत्या, ओडिशाच्या मगई माझी होत्या, दिल्लीच्या नसरीन शेख होत्या आणि आपल्या खानदेशाला लागून असलेल्या गुजरातच्या डांग जिल्ह्यातील ओपिना भिलार होत्या. ओडिशाच्या सरकारने तर भारतीय खो-खो संघाला आर्थिक पाठबळ देण्याची जबाबदारी स्वतः होऊन उचलली. जो खेळ आपण ‘आपला’ म्हणतो, तो दूरदूरच्या प्रांतांनी मनापासून आपला केला आहे. ह्याचे आम्हांस दुःख नाही, उलट अभिमानच आहे. परंतु वारशाने मिळालेले शेत पडीक ठेवायचे आणि सातबारा मात्र लोकांना दाखवीत फिरायचे, ह्यात शोभा कसली?

मग आपल्याकडे खेळ थांबतो तरी कोठे? तो लहानपणी थांबत नाही. मधल्या सुटीत पाचवी-सहावीच्या मुलींचा गलका ऐकावा. धावण्याची हौस त्यांत मुलांपेक्षा तिळभरही कमी नसते. तो जिल्ह्याच्या निवड समितीपुढेही पहिल्याने थांबत नाही. आमच्या मते तो थांबतो आठवी-नववीच्या उंबरठ्यावर, आणि तोही मैदानावर नव्हे, तर घरात. कोणी रागावून ‘खेळू नकोस’ असे म्हणतेच असे नाही. ‘आता मोठी झालीस’, ‘दहावीचे वर्ष जवळ आले’, ‘ऊन लागते’, ‘संध्याकाळी घरात हाताशी कोणी नको का?’ अशी प्रेमळ वाक्ये एकामागून एक येतात, आणि एके दिवशी ती मुलगी आपण होऊनच मैदानावर यावयाची थांबते. भांडण झाले नाही म्हणून घरच्यांना वाटते की आपण काही अडविलेच नाही. परंतु खो घातला गेला तो गेलाच. त्याच वयाच्या भावाला मात्र क्रिकेटसाठी दिवे लागेपर्यंत बाहेर राहण्याची सवलत असते, आणि दहावी त्यालाही चुकलेली नसते.

पालकांच्या शंका आम्ही क्षुल्लक मानीत नाही. त्यांचा विचार एकेक करून केला पाहिजे.

पहिली शंका अभ्यासाची. रोज एक तास मैदानावर गेला म्हणून अभ्यास बुडतो, हे म्हणणे अनुभवाला धरून नाही. तो तास वाचवून मुलगी पुस्तकच उघडते असे कोठे आहे? आज प्रत्येक घरात हाताएवढा एक पडदा आहे, आणि मैदानाचा वाचलेला तास बहुधा त्याच्याच पोटात जातो. धावून, घाम गाळून आलेले मूल रात्री स्वस्थ झोपते आणि सकाळी ताजे उठते, ही गोष्ट आईवडिलांना आम्ही सांगावी असे नाही.

दुसरी शंका पैशाची. ‘खेळून पोट भरते काय?’ असा प्रश्न हातावर पोट असलेल्या घराने विचारला तर त्यात काही वावगे नाही. यंत्रमागावर राबणाऱ्या किंवा केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या माणसाला भविष्याची काळजी असायचीच. येथे दोन नावे सांगतो. धाराशिवच्या सारिका काळे ह्यांच्या घरची स्थिती इतकी ओढग्रस्तीची होती की, कित्येक दिवस एकाच वेळच्या जेवणावर काढल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. २०१६ साली गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाच्या त्या कर्णधार होत्या; त्या महाराष्ट्र शासनाच्या सेवेत क्रीडाधिकारी झाल्या आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कारही मिळाला. दिल्लीच्या नसरीन शेख ह्यांचे वडील रस्त्यावर भांडी विकून संसार चालवीत. त्यांनी कन्येच्या खेळाला खो दिला, घातला नाही; आणि २०२३ सालचा अर्जुन पुरस्कार तिच्या नावावर नोंदला गेला. आपल्या मध्य प्रदेशातही उत्कृष्ट खेळाडूंना विक्रम पुरस्कार आणि उगवत्या खेळाडूंना एकलव्य पुरस्कार देण्याची प्रथा आहे. तथापि आम्ही येथे खोटी आशा दाखवू इच्छित नाही. शंभर मुली खेळल्या तर शंभरांना नोकरी मिळणार नाही, कदाचित एकीलाही मिळणार नाही. पण शंभर मुली गाणे शिकतात त्या सगळ्या गायिका होतील म्हणून नव्हे. निरोगी शरीर, न डगमगणारे मन आणि हरल्यावर पुन्हा उभे राहण्याची सवय ही कमाई शंभरांचीही होते, आणि ती सासरी-माहेरी, शेतात-कचेरीत, कोठेही उपयोगी पडते.

तिसरी शंका बोलून दाखविली जात नाही, पण तीच सर्वांत बळकट आहे. ‘लोक काय म्हणतील?’ खेळाचा पोषाख, बाहेरगावचा प्रवास, उन्हाने रापलेला वर्ण, आणि ह्या सर्वांमागे उभा असलेला लग्नाचा विचार. ह्यापैकी प्रवासाच्या सुरक्षिततेची काळजी खरी आहे, आणि तिचे उत्तर शाळेने दिले पाहिजे. संघाबरोबर शिक्षिका असावी, मुक्कामाची जागा आधी पाहून ठेवावी, पालकांना वेळच्या वेळी निरोप मिळावा. बाकीच्या शंकांना मात्र उत्तर देण्याची गरज आम्हांस वाटत नाही. उन्हात शेतावर राबणाऱ्या मुलीचा वर्ण कोणास खुपत नाही, मग मैदानावरच्या मुलीचाच का खुपावा?

ह्या ठिकाणी दूरच्या एका देशाचे उदाहरण उपयोगी पडेल. कॅनडात कर्लिंग नावाचा एक खेळ फार लोकप्रिय आहे. सुमारे वीस किलो वजनाचा, मूठ बसविलेला गोल दगड बर्फाच्या लांब पट्टीवरून सरकवीत नेमक्या वर्तुळात नेऊन थांबवायचा. एकीने तो सोडावयाचा, सोबतिणींनी पुढे धावत ब्रशाने बर्फ घासून त्याची वाट गुळगुळीत करावयाची, आणि चौथीने पलीकडून दिशा सांगावयाची. चौघींचे मन एक झाल्याखेरीज दगड जागेवर पोहोचत नाही. गावच्या क्लबात शिकावे, प्रांताचे अजिंक्यपद मिळवावे आणि मग प्रांताच्या नावाने राष्ट्रीय स्पर्धेत उतरावे, अशी तेथील वाट आहे. आपल्या जिल्हा-राज्य-राष्ट्र ह्या पायऱ्यांसारखीच. सस्कॅचेवान प्रांतातील बिगर नावाच्या एका छोट्या गावात वाढलेल्या सँड्रा श्मर्लर ह्याच वाटेने वर चढल्या. आपल्या संघासह त्या १९९३, १९९४ आणि १९९७ साली जगज्जेत्या झाल्या. १९९७ च्या सप्टेंबरात त्यांना कन्या झाली, त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी त्या ऑलिंपिकच्या निवड स्पर्धेत उतरल्या, आणि १९९८ च्या फेब्रुवारीत जपानमधील नागानो येथे त्यांनी सुवर्णपदक मिळविले. बिगर हे आपल्या शहापुराहूनही लहान गाव. पण त्या गावात बर्फाचे मैदान होते, मुलींना तेथे जाण्याची मोकळीक होती, आणि लग्न झाले, मूल झाले म्हणून खेळ संपला असे कोणी मानले नाही. राष्ट्रीय खेळाडू राजधानीत तयार होत नाहीत, त्या अशा गावांत तयार होतात. राजधानी त्यांना केवळ पदक देते.

प्रांतानेही आपले कर्तव्य ओळखले पाहिजे, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. विश्वचषकानंतर महाराष्ट्र सरकारने आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपयांचे पारितोषिक आणि सरकारी नोकरी जाहीर केली, तर कर्नाटकाने आपल्या खेळाडूंना प्रत्येकी पाच लाख देऊ केले. तेव्हा तेथील दोघा विश्वविजेत्यांनी ती रक्कम नाकारली. विजय एकच, घाम सारखाच, परंतु सन्मान मात्र प्रांताप्रांतांत निराळा. ह्यातून जो बोध घ्यावयाचा तो असा की, प्रांतिक सरकारांनी विजयानंतर थैल्या द्याव्यात हे ठीकच. पण विजयापूर्वी जिल्ह्याजिल्ह्यांत मैदान, चटई आणि प्रशिक्षिका द्यावी, हे त्याहून महत्त्वाचे आहे. आता मोठे सामने चटईवर होतात. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात चिखल होतो. तेथे सराव केलेली मुलगी एकाएकी चटईवर उभी केली तर तिचे पाय गोंधळणारच. बुऱ्हाणपुरास स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा २००३ साली मिळाला. मुलींच्या खो-खोसाठी चटई घातलेले एक आच्छादित मैदान येथे असावे, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही. ती नागरिकांनी लावून धरावी.

परंतु सरकारची वाट पाहत हातावर हात ठेवून बसणे हेही योग्य नव्हे. जे आपल्या हातांत आहे त्याची यादी मोठी नाही. शाळेने आठवड्यातील निदान चार दिवस संध्याकाळचा एक तास मुलींच्या खो-खोसाठी राखून ठेवावा, आणि तो तास मुलांच्या क्रिकेटने किंवा संमेलनाच्या तालमीने हिरावून घेऊ नये. खेळाच्या तासाला गणिताचे राहिलेले धडे उरकण्याची जी प्रथा सर्वत्र दिसते, ती बंद व्हावी. ज्या माजी विद्यार्थिनींनी आपल्या काळी मैदान गाजविले आणि आज ज्या गावातच नांदत आहेत, त्यांना सन्मानाने बोलवावे. हुलकावणी कशी द्यावी आणि खांबावर कसे वळावे, हे त्यांच्याइतके चांगले कोण शिकविणार? आणि पालकांनी वर्षातून एकदा तरी आपल्या मुलीचा सामना पाहावयास यावे. बक्षीस समारंभाला येणे निराळे, आणि ती हरत असताना मैदानाच्या कडेला उभे राहणे निराळे.

मुलींनो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. खेळ सोडण्याचा निर्णय हळूच, न सांगता घेऊ नका. घरातील कामाची अडचण असेल तर भावालाही कामाचा वाटा उचलावयास सांगा. अभ्यासाची भीती असेल तर वेळापत्रक करून आईवडिलांना दाखवा. जिल्ह्याच्या संघात निवड झाली नाही तर रडू येईल, येऊ द्या, पण दुसऱ्या दिवशी मैदानावर या. आणि ज्यांची निवड होणार नाही त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, रोज सरावाला समोर पळणाऱ्या मुली नसतील तर निवडली जाणारी मुलगी तरी कोणाचा पाठलाग करून शिकेल? थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण संघाला जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कशालाही नाही.

ह्या वर्षी आपल्या शाळेतून राष्ट्रीय खेळाडू निघावी, अशी आमची आकांक्षा नाही. आमची अपेक्षा त्याहून साधी आहे. आज आठवीत असलेल्या ज्या मुली संध्याकाळी मैदानावर दिसतात, त्या सर्वच्या सर्व दोन वर्षांनी, दहावीत असतानाही तेथे दिसाव्यात. एवढे घडले तर जिल्हा, संभाग, राज्य आणि राष्ट्र ह्या पुढच्या पायऱ्या त्या आपल्या पायांनी चढतील. त्यांच्या पाठीवर हात ठेवून खो देण्याचे काम मात्र आपले आहे. ते आपण वेळेवर करावे.